रकाना क्रमांक अकरा

सोमवार, १६ जून १९९७. रोहे

ही डायरी कंपनीने दिली. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदांबरोबर भिंतीवरचं एक घड्याळ आणि ही. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. डायरीची पहिली साडेपाच महिन्यांची पानं कोरी आहेत, ती तशीच राहू देतो. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

आज सायमनचं जाड पाकीट आलं. आत पत्र, आणि कायमचं तिकडे राहायला जाण्याचा अर्ज, आम्हा नवराबायकोचा एकत्र. सायमनला अश्दोदला जाऊन सहा वर्षं झाली. तो आणि सूनबाई शीरा, दोघांचंही म्हणणं, पप्पा, आता या. रोह्यात आमच्या ज्यू लोकांची चार घरं उरली, प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर अलिबागेहून माणसं बोलवावी लागतात. मुलाचं काही चुकत नाही.

अर्जात बावीस रकाने. दहा मी जेवणाआधी भरले, शाईने, एकही खाडाखोड न करता. अकरावा असा: 'व्यवसाय अथवा कौशल्य. प्रमाणपत्र जोडावे.'

इथे पेन थांबलं.

बावीस वर्षं मी धाटावच्या कंपनीत केमिकलच्या ड्रमांवर अक्षरं उमटवली. जस्ताच्या पत्र्यात अक्षर कापायचं, पत्रा ड्रमवर धरायचा, वरून रंग मारायचा. नाव, वजन, बॅच नंबर, कवटी. हे मला कोणी शिकवलं नाही. पहिला पत्रा बिघडला तो शेवटचा. माझी कवटी बघून एक तपासनीस म्हणाला होता, हिची खरंच भीती वाटते. पण 'ड्रमवर अक्षरं मारणे' असं लिहून मी परदेशात उतरणार नाही.

हन्ना म्हणाली, "पेंटर लिहा ना."

"पेंटर भिंती रंगवतो."

"मग आर्टिस्ट लिहा."

"कशातला?"

"ते त्यांना काय कळतंय?"

"मला कळतंय ना."

पेणच्या एका कलावर्गाची जाहिरात मी मागेच कापून ठेवली होती. पायाभूत अभ्यासक्रम, नऊ महिने, दर रविवार-बुधवार. सहा विषय प्रत्यक्ष हाताने करून बघायचे, शेवटी एक निवडायचा, त्याचं प्रमाणपत्र. वयाची अट नाही. मी एकोणपन्नास.

हन्नाला सांगितलं की अर्ज नऊ महिने थांबेल. मला वाटलं चिडेल. तिने उठून माझा चांगला शर्ट इस्त्रीला काढला. "घाई करू नका, नीट शिका." हिला कलेची एवढी कदर असेल हे सव्वीस वर्षांत मला कळलं नव्हतं.

रविवार, २२ जून

सकाळच्या गाडीने पेण. कासूला गाडी कारण नसताना सात मिनिटं उभी. वर्ग पोह्यांच्या गिरणीच्या माडीवर भरतो, त्यामुळे जमीन सतत थरथरते. सरळ रेषा काढणाऱ्याने जागेचा विचार आधी करायला हवा होता, हे मी सरांना सांगितलं. सर म्हणजे विशाल म्हात्रे, वय सव्वीस. माझी कात्री त्यांच्याहून मोठी आहे. विद्यार्थी अकरा, मी धरून. बाकी सगळे सतरा-अठराचे.

पहिला विषय वस्तुचित्र. समोर आंबा, तांब्या आणि चुरगळलेलं फडकं. फडकं मी आधी इस्त्री करून आणू का म्हणून विचारलं. नको म्हणाले.

तासाभराने सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"काका, आंबा दोन ठिकाणी तुटलाय."

"तुटला नाही. जोड ठेवलाय."

"जोड?"

मी समजावून सांगितलं. पत्र्यात 'ठ' कापताना गोल पूर्ण फिरवला तर मधला तुकडा गळून पडतो. म्हणून वर-खाली थोडी जागा न कापता सोडायची. तोच जोड. बावीस वर्षांत माझ्या एकाही अक्षराचं पोट गळलेलं नाही.

"पण काका, हा कागद हाय. आंबा गळून पडणार कुठे?"

शेजारची दिपिका, वडखळची मुलगी, म्हणाली, "सर, राहू दे. काकांचा आंबा उघडा हाय, वास येतोय." सगळे हसले. मी वहीत नोंद केली: शिस्त नाही.

परतताना गिरणीतून दोन किलो पातळ पोहे घेतले. पेणचे पोहे हन्नाला आवडतात. आल्यावर तिने ते डब्यात ओतले आणि पुढच्या रविवारीही आणा म्हणाली.

रविवार, १३ जुलै

चार आंबे, तीन तांबे, एक कंदील. सर्व मापात. जोड टाळायचा प्रयत्न केला, पण हात आपोआप दोनदा उचलला जातो. सर म्हणाले, तरी छायाप्रकाश उत्तम आहे.

घरी येऊन अकराव्या रकान्यात पेन्सिलने लिहून बघितलं: वस्तुचित्रकार. बरं दिसत होतं.

हन्ना वाकून बघत म्हणाली, "छान हाय. पण तिकडे आंबे मिळतात का? नाय मिळाले तर काढणार काय?"

मुद्दा बरोबर होता. खोडलं.

रविवार, २७ जुलै

माती. पेणमध्ये माती म्हटलं की गणपती. सरांनी सगळ्यांना एकेक वीतभर मूर्ती करायला सांगितली. मी उभा राहिलो आणि नम्रपणे सांगितलं की आमच्यात मूर्ती घडवत नाहीत. गणपतीबद्दल पूर्ण आदर आहे, दर वर्षी शेजारच्या काशीबाईंकडे मी आरतीला टाळ वाजवतो, पण घडवणं जमणार नाही.

सर क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "मग काका, तुम्ही उंदीर करा."

सोमवार, २८ जुलै

खात्री केलेली बरी म्हणून नथानियलमामांकडे गेलो. वय एक्याऐंशी, रोह्यात आमच्यातले सगळ्यांत जाणते.

"मामा, मातीचा उंदीर चालेल का?"

"तू त्याला नमस्कार करणार हायस?"

"नाही."

"मग कर. आणि झाला की मला आणून दाखव, खरे बघून कंटाळा आलाय."

गुरुवार, ३१ जुलै

पिंजऱ्यात उंदीर मिळाला. कॅलिपरने मापं घेतली. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३ १/८ इंच, शेपटी ३ १/२. शेपटी मोजताना तो सहकार्य करत नाही. तीन दिवस ठेवून घ्यावा लागेल. हन्ना त्याला दोन वेळा पोहे घालते. "मॉडेल हाय ना तो," म्हणते, "उपाशी कसा ठेवायचा?"

रविवार, १० ऑगस्ट

उंदीर कुंडलिकेच्या काठी सोडला. (जिवंत. मातीचा पेणला.)

सरांनी मातीचा उंदीर हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि दुपारी मला हमरापूरला पोपट पाटलांच्या कारखान्यात घेऊन गेले. सणाला महिना राहिलेला, पाय ठेवायला जागा नव्हती. पोपट पाटलांनी उंदीर उलटा करून शेपटी दाबून बघितली.

"ही मोडत कशी नाय?"

मी दाखवलं. शेपटी मी मोकळी सोडलेली नाही. दोन ठिकाणी अंगाला जोड ठेवलाय, लांबून दिसत नाही.

"आमचे उंदीर वडखळ नाक्यापर्यंत निम्मे बिनशेपटीचे होतात," पाटील म्हणाले. "काका, दीडशे कराल?"

केले. म्हणजे करतोय. आजवर मला कोणी कलाकृतीची ऑर्डर दिली नव्हती. कारखान्यातली पोरं मला उंदीरकाका म्हणतात, ते मी ऐकलं नाही असं दाखवतो.

सोमवार, १ सप्टेंबर

दीडशे पूर्ण. रकान्यात लिहिलं: मृत्शिल्पी. शब्द भारदस्त आहे.

हन्नाने चष्मा लावून वाचला. "म्हणजे उंदीर?"

"म्हणजे मातीकाम."

"तिकडे माती कुठाय? सायमन म्हणतो, दारापर्यंत वाळू हाय. वाळूचा उंदीर टिकेल?"

भूगोल तिचा पक्का आहे. खोडलं. रकान्यातला कागद जरा खरबरीत झालाय.

बुधवार, १७ सप्टेंबर

तिसरा विषय अक्षरलेखन. याची मी जूनपासून वाट बघत होतो. सरांनी बोरू दिले आणि स्वतःच्या नावाची ओळ लिहायला सांगितली. मी 'इझिकेल रुबेन अष्टमकर' दीड इंच उंचीत लिहिलं. फूटपट्टी न लावता. कोणीही लावून बघावी.

सर हळू आवाजात म्हणाले, "काका, रागावू नका. हे वाचलं की वाटतं, आत अ‍ॅसिड हाय."

दिपिकाने विचारलं, नेट वेट किती.

आज आणखी लिहीत नाही.

सोमवार, २२ सप्टेंबर

बुधवारनंतर आज पेन हातात घेतलं. रविवारी वर्गाला गेलो नाही, हन्नाला सांगितलं पोट बिघडलंय. तिने विश्वास ठेवला नाही पण मऊ भात केला.

आज सायमनचं पत्र. शीराला दिवस गेले आहेत. बाळंतपण मार्चमध्ये. लिहितो, अर्ज फेब्रुवारीअखेर पोचला तर उन्हाळ्यात तुम्ही इथे असाल, बाळ तुमच्या मांडीवर वाढेल. 'मम्मीला सांगा, मला तिच्याशिवाय काही येत नाही, शीरालाही नाही.'

हन्नाने पत्र तीनदा वाचलं. डोळे पुसले, हसली, परत पुसले. जुन्या मऊ धोतराचं झबलं शिवायला तेव्हाच घेतलं. सुई ओवता ओवता म्हणाली, "तुमचे विषय किती राहिले?"

"हा धरून चार."

"चार." थोडा वेळ शिवत राहिली. "त्या पोरगेल्या मास्तराने काय म्हटलं म्हणून वर्ग बुडवू नका हां. चारही नीट करा."

ती मला एवढं ओळखते हे बरं नाही.

रविवार, १९ ऑक्टोबर

चौथा विषय कापडछपाई. लाकडी ठसे सगळ्यांना पुरेना, म्हणून सर म्हणाले, "काका, तुम्ही दुसरं काही करून बघता?" मी पिशवीतून जाड कागद आणि माझी कात्री काढली. खाडीकाठची चिपी असते ना, ती खारफुटीची झाडी, तिची पानं आणि लटकत्या शेंगा. कागदात कापून, कापडावर ठेवून, स्पंजाने रंग. जोड अर्थात ठेवले. कापडावर ते पांढरे राहिले तर पानांच्या शिरांसारखे दिसले. हे मी ठरवून केलेलं नाही, पण तसं सांगितलं नाही.

वर्ग गप्प. गिरणीसुद्धा तेव्हाच थांबली, वीज गेली म्हणून.

दिपिका म्हणाली, "काका, हे कसं केलंत? दाखवा ना परत." तिच्याजवळ अजून चार जण सरकले. सर आपलं स्टूल घेऊन त्यांच्या मागे बसले.

रविवार, ९ नोव्हेंबर

हन्नाच्या पांढऱ्या सुती साडीला काठ छापला. पाच वारांवर पान ते पान १ ३/४ इंच अंतर, फरक शून्य. ती आज नेसून नथानियलमामांकडे, काशीबाईंकडे, तिथून बाजारात, तिथून परत काशीबाईंकडे गेली. काशीबाई ओट्यावरून ओरडून म्हणाल्या, "हन्ना गो, दुकान कुठलं?" ही म्हणाली, "आमच्या घरातलं."

रात्री जेवल्यावर रकान्यात लिहिलं: वस्त्रछपाईकार. यावेळी पेन्सिल जोर लावून चालवली.

हन्ना साडीची घडी घालत होती. घडी घातली, परत उलगडली, काठावरून हात फिरवला. म्हणाली, "तिकडे साडी नेसतं कोण?"

मी म्हटलं, पडदे आहेत, चादरी आहेत.

"व्हय," म्हणाली. "पडदे हायत." आणि आत गेली.

पटलं नाही, पण खोडलं. ज्या बाईसाठी छापलं तिलाच शंका असेल तर काय उपयोग? या बायकांना निर्णयाची घाई असते आणि निर्णय घेतला की तो आवडत नाही. त्यात आता जायचं म्हणून तिचा जीव वरखाली होत असणार. नातवंडाचा चेहरा दिसतो तिला. मीच उशीर करतोय.

रविवार, १४ डिसेंबर

पाचवा विषय, घरसजावट. सोडवायला प्रत्यक्ष घर हवं म्हणून आमचं स्वयंपाकघर घेतलं. हन्नाच्या हालचाली दोन दिवस मोजल्या. चहा करायला ती एकोणीस पावलं चालते. मी मांडणी अशी केली की सातच लागावीत.

आज ती चहासाठी चव्वेचाळीस पावलं चालली, त्यातली सहा रागाने. मीठ सापडेना म्हणून आमटी अळणी.

"सव्वीस वर्षांत मी या घरात डोळे मिटून मीठ काढलंय," म्हणाली. "परत होतं तिथे ठेवा. एक डबासुद्धा मला नवीन जागी नको."

मी म्हटलं, "अश्दोदला सगळंच नवीन जागी असणार आहे."

तिने मिठाचा डबा माझ्या हातात दिला. सगळे डबे मी होते तिथे ठेवले. पोह्यांचा मोठा डबा सर्वांत खाली, भिंतीच्या बाजूला.

हा विषय मी रकान्यात लिहिलादेखील नाही. खोडण्याचा प्रश्न आला नाही. पण सवयीने रबर फिरवला आणि कागद फाटला. भोक पडलं. वेडंवाकडं होतं, म्हणून पट्टी लावून ब्लेडने चौकोनी केलं. आता अकरावा रकाना आरपार आहे, त्यातून खालचं टेबल दिसतं. मागून चिकटपट्टी नको, पिवळी पडते. जाड पांढऱ्या कागदाचं ठिगळ लावलं, खळीने. नीट बघितल्याशिवाय कळत नाही.

रविवार, ११ जानेवारी १९९८

नवी डायरी घेतली नाही. हिचीच जानेवारीपासूनची कोरी पानं वापरतोय. वार एकेक दिवस पुढे करावे लागतात, तेवढे हाताने दुरुस्त केले.

सहावा आणि शेवटचा विषय, व्यक्तिचित्र. घरच्या माणसाचं काढून आणायचं. हन्ना ओट्यावर बसली, झबल्यांना बंद लावत. आतापर्यंत नऊ झबली झाली. मी म्हटलं, हलू नकोस. म्हणाली, "मी कुठे जातेय?"

चेहरा चांगला उतरला. सरांनी बघितला, पण बोट हनुवटीवर ठेवलं. "काका, इथे जोड. आणि इथे कानापाशी. एकदा, फक्त एकदा, पूर्ण रेषा काढून बघा. बघू काय होतं."

तीनदा बसलो. तिन्ही वेळा हात त्याच जागी उचलला गेला. शेवटी मी म्हटलं, "सर, ही सवय नाही, नियम आहे. चहूबाजूंनी कापलेला तुकडा राहत नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं. नियम असेल तर राहू दे."

रविवार, ८ फेब्रुवारी

आज निवड. प्रत्येकाला आत एकेकटं बोलावलं. मी सहाही विषयांचा तक्ता करून नेला होता, गुण-दोष, दहापैकी मार्क. सरांनी तो उघडला नाही.

"काका, तुमचा विषय मला पहिल्याच दिवशी कळला. आंब्यापाशी."

"वस्तुचित्र?"

"स्टेन्सिल."

मला राग आला. बावीस वर्षं ड्रमांना जे केलं त्यातून सुटण्यासाठी मी आठ महिने कासूला गाडीत ताटकळलो. तसं बोललोही. सर म्हणाले, "तुम्ही सुटायला आलात, पण अख्खा वर्ग तुमच्याकडून तेच शिकला. दिपिका कापडाला लागली ती तुमच्यामुळे. पोपटशेठला यंदा गणपतीच्या शेल्याचे काठ त्याच पद्धतीने हवेत." मग टेबलावरचा खडू इकडून तिकडे ठेवत म्हणाले, "जूनच्या बॅचला दर बुधवारी तुम्ही शिकवाल का? मला कोणी दुसरं माहीत नाय."

मी तक्ता पिशवीत ठेवला, परत काढला, परत ठेवला.

मी म्हटलं, "जूनमध्ये मी अश्दोदला असेन."

"मग राहिलं," सर म्हणाले.

स्टेन्सिल हा विषय माहितीपत्रकात नाही, म्हणून प्रमाणपत्रावर 'कापडछपाई (स्टेन्सिल पद्धत)' असं लिहायचं ठरलं. गाडीत 'मग राहिलं' हे कासूपर्यंत डोक्यात होतं. कासूनंतरही होतं.

हन्नाला सांगितलं. ती लसूण सोलत होती, हात थांबला.

"शिकवायला? तुम्हाला? मग काय सांगितलंत?"

"नाही म्हटलं."

"लगेच? अहो, विचार करून सांगतो म्हणायचं असतं." तिने एक पाकळी इतकी सोलली की उरलीच नाही.

सोमवार, २३ फेब्रुवारी

प्रमाणपत्र मिळालं. अकराव्या रकान्यात, ठिगळावर, शाईने लिहिलं. बावीसही रकाने पूर्ण. पाकिटावर पत्ता दोन रंगांत केला, पोस्टाच्या तिकिटांची कडा पाकिटाच्या कडेला समांतर.

पाकीट टेबलावर ठेवून आम्ही दोघं त्याच्याकडे बघत चहा प्यायलो.

मी म्हटलं, "टाकून येतो."

हन्ना म्हणाली, "द्या इकडे. मी बाजारात चाललेय, मीच टाकते. तुम्ही आज वाकून वाकून दमलात." साडी काठाचीच नेसली होती. पाकीट तिने पिशवीत तळाला ठेवलं, वरून पालेभाजीला फडकं.

झालं. आठ महिन्यांचं काम संपलं. हलकं वाटायला हवं. संध्याकाळी घड्याळ दुरुस्त करायला काढलं आणि एक स्क्रू हरवला.

गुरुवार, १२ मार्च

काशीबाईंकडे फोन आला. मुलगी. सुखरूप. नाव डेबोरा, माझ्या आईचं. सायमन फोनवर रडत होता आणि हन्ना त्याला ओरडत होती, "फोन महाग हाय, रडतोस काय!" ठेवल्यावर स्वतः काशीबाईंच्या ओट्यावर अर्धा तास बसली, काशीबाईंचा हात धरून. झबली सतरा झाली आहेत.

सोमवार, २३ मार्च

सायमनचं पत्र. लिहितो, मुंबईच्या कचेरीत चौकशी केली, तुमचा अर्ज अजून आलेला नाही. महिना झाला. पत्ता मी अति कलात्मक केला असावा, वाचणाऱ्याला ती नक्षी वाटली असेल. माझीच चूक. हन्नाला विचारलं, पेटीत नीट टाकलं होतंस ना? ती म्हणाली, "टाकायला काय लागतं?" आणि भाकरी उलटली.

सायमनने तोवर दुसरा अर्ज पाठवलाय, नुसता भेटीचा. बाळ तरी बघून जा, म्हणतो. सात रकाने. व्यवसाय विचारलेलाच नाही. 'येण्याचे कारण' यात मी लिहिलं: नात. 'परतीची तारीख' पाशी थांबलो तर हन्ना आतूनच म्हणाली, "आठ जून लिहा." मी विचारलं, आठच का? म्हणाली, "दहाला बुधवार हाय."

ते कॅलेंडर बघितल्याशिवाय मलाही सांगता आलं नसतं.

चार मिनिटांत भरून झाला. हा मी स्वतः पोस्टात नेऊन दिला, कारण पाय मोकळे करायचे होते.

रविवार, २९ मार्च

आज नातीसाठी मलिदा. एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषिताचं नाव घेऊन गोड पोह्यांचा मलिदा करायचा, हा नवस फोन आला तेव्हाच बोललो होतो. माणसं दहा जमली, नथानियलमामा काठी टेकत स्वतः आले. काशीबाईंनी नारळ खवून दिले. फळं पाच प्रकारची, मी आकाराने सारखी निवडली.

पोहे भिजवायचे म्हणून मोठा डबा खालून ओढून काढला. जूनपासून दर रविवारी पेणहून आणत होतो, तरी आज तळापर्यंत रिकामा करावा लागला, एवढी माणसं. हन्ना बाहेर मामांना पाट देत होती. मी डबा परातीत उपडा केला. शेवटचे पोहे पडले आणि तळाशी कागद दिसला. गोल डब्यात चौकोनी, कोपरे दुमडून बसवलेला.

पत्ता दोन रंगांत. तिकिटांची कडा समांतर.

उघडायची गरज नव्हती, तरी उघडलं. महिनाभर पोह्यांखाली राहून अर्ज कोरडा, एक डाग नाही. ठिगळ घट्ट. अक्षर चांगलं आलं होतं.

हन्ना कधी काही विसरत नाही. सव्वीस वर्षांत दुधाचा एक खाडा चुकलेली नाही. मी तिथेच परातीपुढे बसलो आणि गेल्या जूनपासूनचे विषय एकेक करून आठवले. आंबे. वाळू. साडी. बसलो तो पोहे निवडतोय असं दाखवत बसलो. हसू येत होतं, आणि हसण्यासारखं ते सगळं नव्हतं. बाहेर सायमनचं नाव घेऊन कोणीतरी काही म्हणालं आणि हन्नाचा आवाज आला, "जाऊन येतोय ना आम्ही." 'जाऊन येतोय' यातला दुसरा शब्द तिने जरा मोठ्याने म्हटला.

मग ती आत डोकावली. डबा माझ्या मांडीवर, पाकीट हातात. तिने बघितलं. मी बघितलं.

"संपले का पोहे?" म्हणाली.

"संपले. खाली नुसता कागद आहे."

"असू द्या," हन्ना म्हणाली. "खाली कागद असला म्हणजे डबा गंजत नाय."

मी अर्ज पाकिटात घातला. एक कोपरा वाकडा दुमडला होता, तो नीट केला, आणि पाकीट होतं तिथे बसवलं.

उद्या विशाल सरांना पत्र लिहायचं आहे, बुधवारांबद्दल. ते पेटीत मी स्वतः टाकणार.